अमेरिकन पद्धतीनं गागोद्याला

स्वातंत्र्य शोधायला मी रोह्याहून निघाले आणि निडीला उतरले. ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी सांगते, निडी म्हंजे रोह्याच्या पुढचंच स्टेशन. गाडीत बूड टेकवून पदर सारखा करेपर्यंत येतं.

माझं नाव हिरा. शाळा चौथीपर्यंत. वय पासष्टच्या पुढं, किती पुढं ते आधारकार्डावर हाय आणि ते चुकीचं हाय. नदीच्या अंगाला आमची वाडी, तिथं माझं दोन खोल्यांचं घर. सकाळी कॉलेजच्या मॅडमकडं भांडी-लादी करते. मॅडम इंग्रजी शिकवतात आणि आठ वर्षं झाली एक थिसिस लिहितात. विषय असा की अमेरिकेच्या कादंबऱ्यांत माणूस आपलं स्वातंत्र्य कसं शोधतो. मला आधी वाटलं पंधरा ऑगस्टचं काय असंल. मॅडम म्हणाल्या, तसं नाही हिराबाई, एकेका माणसाचं वेगळं.

मॅडमना लिहिताना मोठ्यानं बोलायची सवय, आणि ऐकायला घरात मीच. त्यामुळं भांडी घासता घासता माझ्या पंधरा-वीस कादंबऱ्या झाल्यात. सगळ्यांत गोष्ट तीच. माणूस घरात गुदमरतो आणि एक दिवस उठून चालायला लागतो. एकीत एक न्हावी हाय. गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावलेला, अर्धी दाढी झालेली, आणि हा वस्तरा खाली ठेवतो, दार उघडतो नि निघतो तो निघतोच. पुढं दोनशे पानं चालतो.

मॅडम म्हणाल्या, "हिराबाई, केवढं धाडस बघा!"

मी म्हटलं, "मॅडम, त्या अर्ध्या दाढीवाल्याचं काय झालं?"

मॅडमनी पानं चाळली. "ते नाही लिहिलेलं."

"आणि न्हाव्याच्या बायकोचं?"

"तेही नाही." मग चष्मा काढून माझ्याकडं बघत बसल्या. "हिराबाई, तुम्ही माझा चॅप्टर बिघडवणार."

त्याच दिवसांत माझ्या डोक्यावर एक गोष्ट बसलेली. माझा पोरगा दशरथ तळोज्याकडं कंपनीत हाय, शिफ्टवर. सून मनीषा, तिलाही पॅकिंगचं काम लागलं होतं, एक तारखेपासून जायचं. नात परी चार वर्षांची, तिला सांभाळणार कोण? दशरथचं म्हणणं, आये, घर बंद कर आणि कायमची आमच्याकडं ये. येताना तो नवं कुलूपच घेऊन आलेला, पितळेचं, पुडक्यातलं. ते फळीवर ठेवलन आणि म्हणाला, रविवारपर्यंत सांग.

मी त्यांच्याकडं आठ दिवस राहून आलेय. तिसरा माळा. खिडकीला जाळी. चहा प्यावासा वाटला तर मनीषाला विचारायचं. गॅस पेटवायचा कसा ते ठाऊक झालं होतं, पेटवू का ते विचारायचं. सून वाईट नाय. ती दर वेळी व्हयच म्हणायची. पण विचारून विचारून माझा चहाच सुटला. नाय म्हणावं तर एकुलता एक पोरगा, व्हय म्हणावं तर जीभ वळंना. घोंगडं भिजत पडलेलं.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हिराबाई, तुम्ही फक्त स्वतःसाठी म्हणून कधी कुठं गेलायत?"

मी मोजलं. वीटभट्टीवर गेले, दवाखान्यात गेले, लग्नांना गेले, मयतींना गेले, परीच्या वेळी बाळंतपणाला गेले. फक्त स्वतःसाठी एकदाही नाय.

"मग जा की! तीन दिवस जा. कुठंही जा, मनाला येईल तिकडं." मॅडमचे डोळे चमकले. मग एकदम त्यांचं तोंड उतरलं. "पण भांडी?"

निघाले ती गुरुवारी. मोबाईल मुद्दाम तांदळाच्या डब्यात ठेवला, कारण मॅडमच्या कादंबऱ्यांत मोबाईल नसतो. एक लुगडं घेतलं, मिश्रीची डबी घेतली, पाण्याची बाटली घेतली. आणि हात आपोआप घरामागच्या नव्या वालाकडं गेला. दोन किलो वाल प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि थैलीत टाकले. कोणाकडं जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? स्टेशनावर आल्यावर ध्यानात आलं की आपण कोणाकडं चाललोच नाय. पण आता वाल परत ठेवायला कोण जातंय.

निडी

तिकिटाच्या खिडकीतल्या पोरानं विचारलं, "कुठलं?"

मी म्हटलं, "कुठलंबी द्या." अमेरिकेतला माणूस असंच म्हणतो.

"आजी, कुठलंबी नावाचं स्टेशन नाय. मागं लाईन हाय."

माझ्या हातात दहाची नोट होती ती बघून त्यानं निडीचं फाडलं. असं माझं स्वातंत्र्य त्या पोरानं ठरवलन.

उतरले. गाडी गेली. मॅडमचा माणूस उतरला की त्याच्यासमोर लांबच लांब रस्ता पसरलेला असतो, वर मोठं आभाळ. मला शेळ्या दिसल्या, नऊ. त्यांच्यामागं हातात काठी घेतलेली एक बाई, माझ्याहून थोडी लहान. जनी तिचं नाव, ते नंतर कळलं. आधी तिनं प्रश्न विचारला.

"कोणाकडं गो?"

आपल्याकडं माणसाला कुठं चाललीस असं कोण विचारत नाय. कोणाकडं, असं विचारतात. मी जन्मभर हा प्रश्न ऐकत आलेय आणि जन्मभर माझ्याकडं उत्तर होतं.

"कोणाकडं नाय," मी म्हटलं.

"मयतीला आलीस?"

"नाय."

"मग पोरगी दिलीय इथं?"

"नाय गो. अशीच आले."

"अशीच?" तिनं मला वरून खाली बघितलं. "अशीच तर माझी शेळीपण जात नाय कुठं."

मी तिला मॅडमचं सांगायचा प्रयत्न केला. की अमेरिकेत माणसं घर सोडून निघतात, आपण कोण हाय ते शोधायला. जनीनं सगळं ऐकून घेतलन आणि विचारलन, "त्यांना जेवायला कोण घालतं?" हे मी मॅडमना विचारायचं विसरले होते. पुस्तकात तेही नसंल.

मग तिनंच मला घरी नेलं, कारण दुपार झालेली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, चुलीत भाजलेलं वांगं. आमच्या वाडीत पाहुण्याला आधी पाणी देतात, मग विचारपूस. निडीला आधी विचारपूस संपवतात, मग पाणी. बाकी फरक नाय. जेवण झाल्यावर मी थैलीतनं वाल काढायला लागले तर जनीनं हात धरला.

"आमच्या घरात वाल कमी हायेत काय? माळ्यावर बघ जाऊन. ज्याच्याकडं चाललीस त्याला दे."

"कोणाकडं नाय म्हटलं ना."

"असंल कोणतरी," जनी म्हणाली. "सांगायचं नसंल तर नको सांगू."

मी संध्याकाळच्या गाडीनं पुढं जायचं ठरवलं होतं. पण स्वतंत्र माणसाला गाडीची वेळ ठाऊक नव्हती आणि गाडी निघून गेली. म्हणून जनीच्याच पडवीत राहिले. तेव्हा लुगडं काढायला थैलीत हात घातला तर हात ओला. बाटलीचं झाकण सैल राहिलेलं आणि सगळं पाणी वालाच्या पिशवीत. लुगडं कोरडं होतं ते नशीब. वाल मात्र दुपारपासून पिशवीत मजेत भिजत होते, टम्म फुगायला लागलेले.

जनी हसून हसून खाली बसली. "गो बाय, तू स्वातंत्र्य शोधतेस आणि वाटेत बिरडं भिजत घालतेस!"

वालाचं बिरडं ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक हाय. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. एकदा भिजले की मागं फिरता येत नाय. सकाळी जनीनं पाणी काढून टाकलं, वाल घरातल्या जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधले आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

"फेकू नको. आज मोड फुटतील. उद्यापर्यंत तुझा कोण तो गाठ."

गडब

जनीच्या दिराचा टेम्पो पेंढा भरून हायवेनं गडबपर्यंत चाललेला. पुढं जागा नव्हती. मी म्हटलं, मागं बसते. दीर म्हणाला, आजी पडशील. मी पडणार नाय हे मला ठाऊक होतं. मालावर बसून प्रवास करण्यात माझ्याइतकी शिकलेली बाई रायगडात कमी सापडंल.

आमचे दिवाळीनंतरचे सगळे प्रवास असेच झाले. मुकादमाचा ट्रक वाडीत यायचा. पातेली, गोधड्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, पोरं, सगळं वर चढायचं. सहा-सात महिने विटा पाडायच्या, कधी या तालुक्यात, कधी त्या. झोपडी विटांचीच, पण न भाजलेल्या. पाऊस यायच्या आधी परत. मॅडमच्या माणसांना रस्ता बघितला की छाती भरून येते. आम्हाला रस्ता दिसला की मुकादम दिसायचा. पावसाळ्याचे चार महिने आपल्या घरात, एका जागी राहायला मिळायचं, चुलीची राख रोज त्याच चुलीत. तेवढ्यासाठी बाकीचे महिने काढायचे. हे मी मॅडमना कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांचा चॅप्टर आधीच लांबलेला.

पेंढ्यावर वारा मस्त लागला. एकदा मी हात पण पसरले. मागनं येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला, मग आवरले.

गडबला उतरून एका चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाला चाळिशीचा, बोलका, कपाळाला गंध.

"कोणाकडं आजी?"

कालचा अनुभव होता, म्हणून ठरवून खोटं बोलले. "देवाला चाललेय."

"कुठल्या?"

आणि मला एकही देव आठवंना! आयुष्यभर ज्यांना हाका मारल्या ते सगळे एकदम पळाले. मी नुसतीच बघत राहिले. टपरीवाल्याचा चेहरा मऊ झाला.

"आजी, पोरानं टाकली काय तुम्हाला?"

"नाय रे बाबा! पोरगा चांगला हाय."

"चांगलाच असतो," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर न मागता चहा नि वडापाव ठेवला. "सगळ्या असंच म्हणतात. इथंच हायवेला एक म्हातारी बसलेली सापडली होती. ती पण म्हणायची, पोरगा चांगला हाय."

बाकावर बसलेले दोघं माझ्याकडं बघायला लागले. एकानं केळं दिलं. मी गाठोडं सोडून वाल देऊ केले तर टपरीवाला म्हणाला, "मोड आणून निघाली बिचारी, स्वयंपाकाच्या मधून उठवलंय हिला." आणि बाकीच्या दोघांनी माना हलवल्या.

इथं मी चूक केली. माझं डोकं ठिकाणावर हाय हे दाखवायला दशरथचा मोबाईल नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. दहाच्या दहा आकडे, न अडखळता. टपरीवाल्यानं तो लगेच लावला. माझ्या स्वातंत्र्याचा दुसरा दिवस, दुपारचे बारा, आणि फोनवर माझा पोरगा.

"आये? कुठं हायस तू? शेजारी म्हणतात काल सकाळपासून नाय. कोणाकडं गेलीस?"

याचाही प्रश्न तोच.

"कोणाकडं नाय."

"मग कशाला गेलीस?"

मागं मशीनचा आवाज येत होता, मला नीट ऐकू येत नव्हतं. टपरीवरचे तिघं तोंडाकडं बघत होते. त्यांच्यासमोर आता अमेरिका कशी समजवायची? मी आपलं सोपं सांगितलं.

"अरे, जरा पाय मोकळे करायला."

फोनमध्ये काहीच नाय. मशीनचा आवाज तेवढा. मला वाटलं रेंज गेली. मग दशरथ बोलला, अगदी बारीक आवाजात, "तिथंच बस. हलू नको. मी येतो."

त्या आठवड्यात त्याला डबल शिफ्ट, पहाटेशिवाय सुटायचा नाय, म्हंजे तो उद्याच येणार, हे मला ठाऊक होतं. टपरीवाल्यानं मला गल्ल्याच्या शेजारी हलवलं, नजरेसमोर. पेणची एसटी आली तेव्हा तो भजी काढत होता. मी उठले. पळून जाणारी बाई गुपचूप जाते, पण मला फुकट खाऊन गुपचूप जायला जमंना.

"भाऊ, येते. पोराला सांगा, तो जन्मला तिकडं चाललेय. गागोद्याच्या अंगाला."

"आजी! आजी थांबा!"

हातात झारा घेऊन तो एसटीच्या मागं थोडा धावला सुद्धा. अशी कदर माझी नवऱ्यानं केली नव्हती.

गागोद्याला जायचं हे त्याला सांगताना मलाच पहिल्यांदा कळलं.

गागोदे

पेणला गाडी बदलली. शाळा सुटून घरी निघालेल्या एका मास्तरणीच्या शेजारी जागा मिळाली. तिनंही विचारलं आणि मी झोपेचं सोंग घेतलं.

गागोदे बुद्रुक हे मोठ्या माणसाचं जन्मगाव, त्याची पाटी हाय. लांबनं लोक बघायला येतात. माझा दशरथही त्याच बाजूला जन्मला, गावाबाहेर भट्टीवर. त्याची पाटी नाय, त्यामुळं जागा सापडायला मला दोन तास लागले.

भट्टी गेलेली. तिथं तारेचं कुंपण, आत कलमं लावलेली, लांबवर बंगला. ओढा तोच. भट्टीच्या कडंचं एक मोठं सावरीचं झाड होतं ते नव्हतं. तोडलं असंल. मी कुंपणाला धरून उभी राहिले आणि काहीतरी वाटंल म्हणून वाट बघितली. भूक लागली, दुसरं काय वाटलं नाय.

समोरच्या घरातली बाई मघापासून बघत होती. कुंदा. ती बाहेर आली. "कोणाकडं मावशी?"

मी इतकी दमले होते की खरंच सांगितलं. "बाय, इथं भट्टी होती. इथं माझा पोरगा झाला."

"भट्टी? मी नांदायला आले तेव्हा मोडलेली होती." तिनं अंगणातलं बाजलं झटकलं. "बसा. पोरगा झाला त्या गावात उपाशी नाय राहायचं."

तिच्याकडं राहिले. कुळथाची पिठी नि भात खाल्ला, आणि ओसरीवर बसून तिला सगळं सांगितलं. तेच इथं सांगते, म्हंजे पुढचं समजंल.

दशरथ झाला तेव्हा भट्टीवरच्या बाया म्हणाल्या, हिरा मोकळी झाली. बाळंत झालेल्या बाईला तसंच म्हणतात. मी चारदा मोकळी झालेय आणि दर वेळी पाच मिनिटांत ते पोर छातीशी. तीन जगली नाय. दशरथ जगला. पाचव्या दिवशी मी चिखलात. त्याला गोधडीत गुंडाळून सावरीखाली ठेवायची, मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती राख.

पुढच्या साली त्याच भट्टीवर आलो. दशरथ अकरा महिन्यांचा. एक दिवस नवऱ्यानं चिखल तुडवायला घेतला. अर्धा झाला आणि तो बाहेर आला. ओढ्यावर पाय धुतले. म्हणाला, "कंटाळलो गो. जरा पाय मोकळे करून येतो."

आणि गेला. झाडापर्यंत मला दिसला. तेव्हापासून त्याचे पाय मोकळे होतायत.

भांडण नव्हतं, दारू नव्हती. मुकादमानं शोधला, पोलिसांनी शोधला. मी त्या दिवशी काय केलं? चिखल सुकला असता म्हणून उरलेला मी तुडवला आणि विटा पाडल्या. मॅडमनी न्हाव्याची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणून मी दाढीवाल्याचं विचारलं. गालाला साबण लावून मी चाळीस वर्षं खुर्चीत बसलेली.

दशरथ लहानपणी विचारायचा, बाबा कुठं गेला? मी म्हणायची, पाय मोकळे करायला गेलाय. दुसरं काय सांगणार? तो वाडीच्या टोकाला जाऊन बसायचा. सातवीत गेल्यावर बसायचा बंद झाला.

हे कुंदाला सांगता सांगता माझी जीभ थांबली.

"काय झालं मावशी?"

"अगो," मी म्हटलं, "आज फोनवर मी पोराला तेच बोलले!"

दशरथ सकाळी आठला आला. रात्रीच्या शिफ्टनंतर झोपला नव्हता, डोळे लाल, मोटारसायकलवर धूळ. गडबला टपरी उघडायच्या आधी पोचलेला, टपरीवाल्याला घरनं उठवलं होतं. गागोद्याला येऊन ज्याला त्याला विचारत होता, भट्टी कुठं होती? कोणाला ठाऊक नाय. शेवटी त्यानं विचारलं, वाल घेऊन फिरणारी म्हातारी बघितली काय? ती सगळ्यांना ठाऊक होती.

मी कुंदाच्या ओसरीवर पातेलं घेऊन बसलेली. वालाला नखाएवढे मोड फुटलेले. कोमट पाण्यात टाकून सोलायला घेतले होते, कारण आता थांबले तर वास आला असता.

मला वाटलं ओरडंल. तो ओरडला नाय. पायरीवर बसला. मी पातेलं थोडं त्याच्याकडं सरकवलं. तो लहानपणापासून माझ्याबरोबर वाल सोलतो, हात आपोआप आत गेला. चिमटीत दाबला की दाणा सालीतनं टुपकन बाहेर. दहा-पंधरा वाल झाले.

"आये, तू असं का बोललीस?"

"चुकून गेलं तोंडातनं."

"मला वाटलं तू पण गेलीस."

"या वयात मला कोण घेतंय?"

"मस्करी नको." चाळिशीच्या माणसाचा आवाज, फोनवर होता तसाच बारीक. "रात्रभर मशीनवर उभा होतो. सुपरवायझर दोनदा ओरडला. मला वाटत होतं, आता मी परीला काय सांगू?"

मी वाल सोलत राहिले.

"मी पळाले नाय दशा," मी म्हटलं. "पळायला गेले, पण जमलं नाय. पहिल्याच स्टेशनावर भाकरी खाल्ली."

तो हसला नाय. पण नाक पुसलन.

"आणि दुसरं सांगते. मी तुमच्याकडं कायमची येणार नाय."

त्याचा हात थांबला. "मग परी?"

"तिला माझ्याकडं आण."

"घरात नळ नाय आये."

"तू मोठा झालास तो काय नळावर?"

"मनीषा नाय ऐकायची."

"तिची पोर हाय, तिला वाटंल ते तिनं ठरवावं. मी माझं ठरवलं."

"मग इतके दिवस बोलली का नायस?"

"तू विचारलंस कुठं? तू कुलूप आणलंस."

हे जरा जास्त लागलं त्याला. मला दिसलं. मागं घ्यावंसं वाटलं, पण खरं होतं म्हणून राहू दिलं. तो बराच वेळ वाल दाबत बसला. इतक्या जोरात की दाणे ओसरीवर उडायला लागले आणि कुंदाच्या कोंबड्या गोळा झाल्या.

"पण तू बोललीस ते," शेवटी तो म्हणाला, "परत कधी बोलायचं नाय. पाय मोकळे करायचे तर कर. दुसरं काहीतरी म्हण."

"काय म्हणू?"

"फिरायला जाते म्हण. सगळे तेच म्हणतात."

"बरं. फिरायला जाते."

सगळे वाल सोलून झाल्यावर तो उठला. कुंपणाकडं जाऊन कलमं बघत उभा राहिला. "हीच काय ती जागा?" म्हणाला. मी म्हटलं, हीच. मोबाईलवर फोटो काढलन, तारेचा.

मी अर्धे वाल डब्यात घालून त्याच्याकडं दिले. तीन दिवसांत पहिल्यांदा कोणी ते घेतले.

परत

नंतरचं आधीच सांगून टाकते. मॅडमकडं तीन दिवसांची भांडी माझी वाट बघत होती. मॅडमनी विचारलं, "मग हिराबाई, सापडलं?" मी म्हटलं, आधी घासणी कुठं ठेवलीय ते सांगा. आता थिसिसमध्ये अर्ध्या दाढीवाल्यावर दीड पान घातलंय म्हणतात. त्यांनीच हे लिहायला वही दिली, आणि ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघितलं.

मनीषा बरेच दिवस माझ्याशी फोनवर बोलली नाय. तिचं चुकलं असं मला वाटत नाय. सुरुवातीला शेजारणीकडं पोर ठेवून कामाला जायची. मग मे महिन्याची सुट्टी लागल्यावर दोघं येऊन परीला सोडून गेली. हे लिहितेय तेव्हा ती अंगणात माझ्या मिश्रीची डबी घेऊन दुकान मांडून बसलीय. जूनचं जूनमध्ये बघायचं. कुलूप फळीवर हाय, पुडक्यातच.

त्या दिवशी दशरथ म्हणाला, आये, मोटारसायकलवर सोडतो. मी म्हटलं, तू नीज कुठंतरी तासभर, मग जा. मला गुडघ्यांना एसटीच बरी. त्यानं पेणपर्यंत सोडलं आणि रोह्याच्या गाडीत बसवलं. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा होता.

शेजारी एक बाई, मांडीवर टोपली, टोपलीत तांब्या नि आंब्याची डहाळी. लग्नाला चाललेली दिसत होती. तिनं डहाळी सावरली, मला जागा करून दिली आणि माझ्या गाठोड्याकडं बघितलं.

"कोणाकडं गो?"

तीन दिवस या प्रश्नाला मी काय काय केलं होतं. खोटं बोलले, झोपेचं सोंग घेतलं, अमेरिका सांगितली.

"माझ्याकडं," मी म्हटलं.

तिला वाटलं नीट ऐकू आलं नाय. "कोणाकडं?"

"माझ्याकडं. माझ्या घरी."

"अगोबाय." ती थोडी विचारात पडली. मग गाठोड्याला बोट लावून म्हणाली, "आणि हे काय नेतेस?"

"वाल हायेत सोललेले," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं कसं जायचं?"